अंघोळीचे पाणी, फाटकावरची शेकोटी आणि थंडीतला धूर

मुंबईच्या हिवाळी हवेची चर्चा सुरू झाली की बांधकामांची धूळ, वाहनांचा धूर, चेंबूर-माहुलचे कारखाने आणि रस्त्यांची खोदकामे यांची नावे लगेच पुढे येतात, आणि ती यायलाच हवीत, कारण शहरावर साचणाऱ्या धुरक्यात त्यांचा वाटा मोठा आहे. मला मात्र आज एका लहान धुराविषयी लिहायचे आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात वस्त्यांमध्ये अंघोळीचे पाणी तापवण्यासाठी पेटणारी लाकडाची चूल आणि सोसायट्यांच्या फाटकावर रात्रपाळीच्या वॉचमनने पेटवलेली शेकोटी हे दोन जाळ शहराच्या एकूण हिशेबात किरकोळ वाटतात. पण ते दिवसातल्या सर्वांत वाईट वेळी, माणसाच्या नाकाच्या उंचीवर आणि लोक झोपतात त्या भिंतीला लागून पेटतात. ते विझवण्यासाठी हजारो कोटींचा प्रकल्प लागत नाही, ऊब मिळवण्याची दुसरी सोय लागते. ती सोय न करता नुसती मनाई करणे हे जाळणाऱ्यावर अन्याय करणारे आहे आणि त्याने धूरही थांबत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

आम्ही भांडुप पश्चिमेला, विहार तलावाच्या बाजूच्या डोंगरउताराच्या पायथ्याशी राहतो. कुलाब्याला पंखा लावून झोपणाऱ्या माणसाला मुंबईत थंडी असते हेच पटत नाही. पण उपनगरांत, विशेषतः जंगलाला लागून असलेल्या भागात, पहाटे अंगावर काटा येईल एवढा गारठा जानेवारीत पडतोच. सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. एवढी थंडी आता पडत नसली, तरी पत्र्याच्या घरात पहाटे पाच वाजता नळाचे पाणी अंगावर घेणे लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना सोसत नाही, आणि चूल पेटते ती त्यासाठी.

या धुराचा त्रास थंडीतच का वाढतो, हे समजून घेतले की पुढचे सारे स्पष्ट होते. एरवी दुपारी समुद्राकडून येणारा वारा मुंबईची हवा धुऊन काढतो. हिवाळ्यात रात्री वारा उलटा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे, आणि तोही अगदी मंद वाहतो. समुद्राचा वारा दिवसा उशिरा सुरू होतो. स्वच्छ आकाशाखाली जमीन रात्रभर थंड होत जाते, तिच्या लगतची हवाही थंड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. खालची जड हवा वर उठू शकत नाही. त्यामुळे पहाटे चार ते आठ या वेळात जो धूर निघतो तो वर जाऊन विरळ होण्याऐवजी आडवा पसरतो. आमच्या गच्चीवरून पाहिले तर खालच्या वस्तीवर, साधारण दुसऱ्या मजल्याच्या उंचीला, निळसर पट्टा ओढल्यासारखा धूर थांबलेला दिसतो आणि ऊन चांगले वर आल्याशिवाय तो हलत नाही.

जळते काय, हेही जवळून पाहण्यासारखे आहे. आमच्या फाटकापासून दहा पावलांवर पेटणाऱ्या शेकोटीत एकदा मी नीट पाहिले, तर त्यात झाडाचे लाकूड नावालाच होते. कपाटाचा प्लायवूडचा दरवाजा होता, एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा डिंकाने दाबून केलेल्या फळीचा, तुकडा होता, सनमायका लावलेल्या फळ्या होत्या आणि एका ड्रॉवरची अख्खी चौकट होती. प्लायवूडचे थर उष्णतेने एकमेकांपासून सुटत होते आणि मधला डिंक फसफसत होता. सनमायका वरच्या बाजूला वळून काळी पडत होती आणि तिच्या कडेला ज्वाळेला हिरवट झाक येत होती. धूर पिवळट, जड आणि डोळ्यांत झोंबणारा होता. सकाळी राखेत खिळे आणि ड्रॉवरचे लोखंडी चॅनेल तेवढे उरले होते.

साधे, वाळलेले लाकूड जळतानाही धूर होतोच. लाकूड पूर्ण जळायला भरपूर हवा आणि मोठी उष्णता लागते. ओल असेल किंवा जाळ दबलेला असेल, तर लाकडातील घटक अर्धवट जळून सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड आणि बेंझोपायरीनसारखी कर्करोगाला कारण ठरणारी संयुगे बाहेर पडतात. पीएम २.५ म्हणतात ते कण एवढे बारीक असतात की नाकातले केस आणि घशातला ओलावा त्यांना अडवू शकत नाही आणि ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. प्लायवूड आणि एमडीएफ यांत फॉर्मल्डिहाइडपासून बनवलेले डिंक असतात, त्यामुळे त्यांच्या धुरात आणखी विषारी वायूंची भर पडते. जुन्या दाराखिडक्यांचा प्रश्न वेगळाच आहे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर असू नये हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी ऑइलपेंट चढवलेली चौकट जाळली, तर त्यातले शिसे धुरात आणि राखेत उतरू शकते, आणि तीच राख अनेक घरांत भांडी घासायला वापरली जाते.

हे लाकूड येते कुठून, याचे उत्तर आम्हा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना अवघड वाटेल असे आहे. ते आमच्याच घरांतून येते. कुणी नवे स्वयंपाकघर करतो, कुणी फ्लॅट विकत घेतला की आधीच्या मालकाचे सगळे फर्निचर तोडून टाकतो, आणि ती तोडफोड गोण्यांत भरून फाटकाबाहेर ठेवली जाते. ठेकेदार त्यातले विकण्याजोगे घेऊन जातो आणि उरलेले जळणासाठी मोफत उचलले जाते. दिवसा ज्या घरातून हे लाकूड बाहेर गेले, त्याच घराच्या बेडरूमच्या खिडकीतून पहाटे त्याचा धूर आत येतो, आणि मग आम्ही वस्तीतल्या लोकांना नावे ठेवतो. पूर्वी गिरगाव-परळच्या चाळींत मोरीजवळ तांब्याचा बंब असे आणि त्यात वखारीतल्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या आणि सुतारकामाचा भुसा जाळला जाई. धूर तेव्हाही होत होता, पण त्या जळणात डिंक, प्लास्टिक आणि रसायने नव्हती. शिवाय बंबाच्या मधल्या नळीभोवती पाणी असल्यामुळे जाळाची बरीचशी उष्णता पाण्यातच उतरत असे. आजच्या तीन विटांच्या उघड्या चुलीवर ठेवलेल्या टोपाला त्या उष्णतेचा फार थोडा भाग मिळतो.

खालच्या गल्लीतल्या एका वहिनींशी मी याविषयी सविस्तर बोलले. त्यांच्या घरी गॅस आहे, चकचकीत शेगडी आहे, स्वयंपाक पूर्णपणे गॅसवरच होतो. चूल फक्त थंडीत, फक्त अंघोळीच्या पाण्यासाठी, दाराबाहेर नाल्याच्या कठड्याला लागून मांडलेली आहे. मी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, सिलिंडर महिनाभर पुरवायचा तर त्याच्यावर जेवणच करायचं. पाण्याला लावला की विसाव्या दिवशीच संपतो, मग पुढचे दहा दिवस काय करायचं?”

त्यांचे म्हणणे मी कागदावर मांडून पाहिले. वीस लिटरची एक बादली २२ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवायला सुमारे १,६७० किलोज्यूल ऊर्जा लागते. गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर त्यासाठी साधारण ६० ग्रॅम गॅस जळतो. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरची किंमत साडेआठशेच्या घरात धरली, तर एका बादलीला साडेतीन ते चार रुपये पडतात. पाच माणसांच्या घराला दिवसाला अठरा रुपये, म्हणजे महिन्याला साडेपाचशेच्या आसपास, आणि नऊ किलो गॅस. एका सिलिंडरचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग निव्वळ अंघोळीत जातो. वहिनींचा अंदाज माझ्या आकडेमोडीशी इतका जुळला की त्यापुढे मला त्यांना गॅस वापरण्याचा सल्ला देववला नाही. ज्या घरात महिन्याचा प्रत्येक शंभर रुपयांचा हिशेब ठरलेला असतो, तिथे दारात मोफत पडलेले लाकूड सोडून साडेपाचशे रुपये खर्च करा, हे सांगण्याचा अधिकार ते पैसे देऊ करणाऱ्यालाच असू शकतो.

आता याच बादलीची धुराची बाजू पाहू. उघड्या चुलीची कार्यक्षमता १५ टक्क्यांच्या आसपास धरली, तर एका बादलीला पाऊण किलो लाकूड लागते आणि पाच बादल्यांना पावणेचार किलो. किलोमागे पाच ग्रॅम सूक्ष्म कण निघतात असा सावध अंदाज केला, तरी एका घरातून एका सकाळी अठरा ग्रॅमच्या आसपास कण बाहेर पडतात. अठरा ग्रॅम ऐकायला काहीच नाहीत. पण आपल्या देशाच्या मानकानुसार चोवीस तासांच्या सरासरीत पीएम २.५ ची मर्यादा एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली आहे. आपलीच सैल मर्यादा धरली, तरी एक ग्रॅम कण सोळा हजार घनमीटरपेक्षा जास्त स्वच्छ हवेला त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतात. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली साधारण २८ घनमीटरची असते, म्हणजे एका ग्रॅमला अशा सुमारे ५९० खोल्या लागल्या. वारा असेल तर हे कण दूरवर पांगतात हे खरे. मात्र चार फूट रुंदीच्या, वर माळे चढवलेल्या गल्लीत, वारा पडलेल्या पहाटे, ते पांगायला जागाच नसते. त्या गल्लीत काय घडते हे हवेचा निर्देशांक दाखवणाऱ्या फलकावर दिसणारही नाही, कारण मोजणी केंद्र संपूर्ण परिसराची हवा मोजते, चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ करणाऱ्या बाईच्या तोंडाजवळची नाही.

धुराडे बसवून हा प्रश्न सुटेल का, असे मला विचारले गेले आहे. स्वतंत्र घर असेल तर काही अंशी सुटेल. आपल्या वस्त्यांत खालच्या घराचे धुराडे वरच्या माळ्याच्या खिडकीतच उघडते, त्यामुळे एकीचा धूर दुसरीच्या लेकराला जातो. इलेक्ट्रिक रॉडचा सल्ला देतानाही विचार करावा लागतो. एका बादलीला अर्धा युनिट वीज पुरते, खर्च गॅसच्या जवळपासच येतो. पण ज्या घरात वायरिंग उघडे आहे, अर्थिंग नाही आणि एकाच मीटरवर दोन-तीन खोल्या चालतात, तिथे ओल्या मोरीत लोंबकळणारा रॉड जीव घेऊ शकतो. माझ्या मते वस्तीसाठी सर्वांत योग्य उपाय सामुदायिक आहे. अनेक गल्ल्यांच्या तोंडाशी सार्वजनिक शौचालयाची पक्की इमारत असते, अनेक ठिकाणी ती दुमजली असते आणि तिच्या गच्चीवर दिवसभर ऊन असते. त्या गच्चीवर सोलर बंब आणि खाली गरम पाण्याचे दोन नळ दिले, तर पहाटे लोकांना बादली भरून घरी नेता येईल. मुंबईच्या हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, म्हणजे धूर साचतो त्याच महिन्यांत ऊन भरपूर मिळते. पाण्याची टंचाई, टाकीची देखभाल आणि नळावरची भांडणे या अडचणी मला दिसतात. वस्ती समित्या पाण्याच्या वेळा आणि शौचालयाची फी जशी सांभाळतात, तसेच हेही सांभाळता येईल असे मला वाटते.

सोसायटीच्या फाटकावरच्या शेकोटीची गोष्ट याहून कितीतरी सोपी आहे, आणि म्हणूनच ती अजून पेटते याचा मला जास्त राग येतो. आमचे रात्रपाळीचे वॉचमन मामा साठीच्या पुढचे आहेत. रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची ड्युटी, बसायला तीन बाजूंनी पत्रा आणि चौथी बाजू उघडी अशी केबिन, आणि खाली फरशी. शेकोटीचा विषय काढल्यावर ते म्हणाले, “थंडीचं एक वेळ सोसता येईल ताई, पण डास बसू देत नाहीत. धूर असला की ते तरी लांब राहतात.” त्यांना खोकला आहे, तो दिवाळीनंतर वाढतो आणि होळीपर्यंत राहतो. म्हणजे आमच्या गाड्यांची राखण करणारा माणूस डास आणि गारठा यांपासून वाचण्यासाठी आमच्याच कपाटांचा धूर रात्रभर छातीत भरून घेतो.

येथे खर्चाचा प्रश्न जवळजवळ नाहीच. केबिनला दार आणि डासांची जाळी, एक जाड रग, स्वेटर-कानटोपी आणि ८०० वॅटचा छोटा हीटर एवढे पुरते. हीटर रात्री सहा तास चालवला तर पाच युनिटांच्या आत वीज लागते. युनिट दहा-बारा रुपये धरले तरी साठ रुपयांच्या आत, आणि साठ-सत्तर फ्लॅटच्या सोसायटीत घरटी एक रुपयासुद्धा होत नाही. दिल्ली परिसरात हवा बिघडल्यावर लागू होणाऱ्या ‘ग्रॅप’ या टप्प्याटप्प्याच्या नियमावलीत रहिवासी संघटनांनी सुरक्षारक्षकांना विजेचे हीटर पुरवावेत, म्हणजे त्यांना उघड्यावर लाकूड-कचरा जाळावा लागणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. मुंबईतील सोसायट्यांनी कुणाच्या आदेशाची वाट न पाहता हे करायला हवे. एक धोका मात्र आवर्जून सांगते: बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले कधीही ठेवू देऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोप लागलेला माणूस पुन्हा उठत नाही.

दुसरी सोय आधी, नियम नंतर, हा क्रम कामाचा ठरतो याचे एक उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातील लॉन्सेस्टन शहरात सापडते. दरीत वसलेल्या या शहरात घरे उबदार ठेवण्यासाठी लाकडाच्या भट्ट्या सर्रास वापरल्या जात आणि हिवाळ्यात धूर दरीतच कोंडत असे. २००१ पासून तिथे भट्ट्या काढून विजेची साधने बसवणाऱ्यांना सरकारी मदत दिली गेली, जोडीला लोकशिक्षण आणि तपासणीही झाली. लाकूड जाळणाऱ्या घरांचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आले. हिवाळ्यातील पीएम १० ची, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची, दैनिक सरासरी घनमीटरमागे ४४ वरून २७ मायक्रोग्रॅमवर उतरली, आणि आधीच्या व नंतरच्या वर्षांची तुलना केली तेव्हा पुरुषांमधील मृत्यूंचे वार्षिक प्रमाण ११.४ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. श्रीमंत देशातल्या या घरांनाही साधन बदलण्यासाठी मदत द्यावी लागली, मग आपण झोपडीतल्या बाईकडून तिने स्वखर्चाने बदलावे अशी अपेक्षा कशी करतो?

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला, तेव्हा पावाच्या भट्ट्यांवर पुष्कळ चर्चा झाली. त्या भट्ट्यांतही भंगार लाकूड मोठ्या प्रमाणात जळत आले आहे. उघड्यावर कचरा जाळण्याविरुद्धही नियमांची कमतरता नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच त्यासाठी पाच हजार रुपयांचा आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजारांचा दंड ठरवला होता. हा दंड वॉचमन मामांकडून वसूल करायचा म्हटला तर त्यांच्या पगाराचा केवढा तरी भाग जाईल, आणि ज्या सोसायटीने त्यांना उघड्यावर बसवले ती मात्र मोकळी राहील. दंड करायचाच असेल तर तो सोसायटीला करावा, आणि तोडलेले फर्निचर रस्त्यावर टाकणाऱ्या फ्लॅटमालकाला व त्याच्या ठेकेदाराला करावा.

सोय होईपर्यंत चूल पेटणारच, त्यामुळे तिचा धूर कमी करण्याच्या पाच गोष्टी मी वहिनींना आणि त्यांच्या शेजारणींना सांगितल्या आणि त्यांतल्या काही त्यांनी लगेच उचलल्या. प्लायवूड, एमडीएफ, सनमायका, रंगवलेली फळी आणि पेटवण्यासाठी प्लास्टिकची पिशवी चुलीत घालायची नाही. लाकूड पत्र्याखाली वाळवून, बोटाएवढ्या जाडीच्या फाकी करून थोडे थोडे घालायचे, म्हणजे जाळ उजळ राहतो. ज्वाळा स्वच्छ असते तेव्हा धूर कमी असतो आणि धुमसते तेव्हा सर्वांत जास्त. विटांच्या मध्ये लोखंडी जाळी टाकून खालून हवा येऊ द्यायची. टोपावर झाकण ठेवायचे, कारण उघड्या टोपातली बरीच उष्णता वाफेबरोबर जाते. पाणी उतरवल्यावर उरलेले लाकूड धुमसत न ठेवता पाणी मारून पूर्ण विझवायचे. जाळी टाकल्यापासून डोळे कमी चुरचुरतात, असे एकीने आपण होऊन सांगितले, आणि जळणही कमी लागते हे तिला अधिक महत्त्वाचे वाटले.

आमच्या सोसायटीपुरते मी दोन ठराव मांडले आहेत. पहिला केबिनचा: दार, जाळी, अर्थिंग असलेला प्लग आणि हीटर हे सारे नोव्हेंबर संपण्याच्या आत, कारण गारठा सुरू झाल्यावर कमिटीची परवानगी मिळेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. दुसरा नूतनीकरणाच्या परवानगीचा: ज्या फ्लॅटमध्ये फर्निचर तोडले जाणार आहे, त्याच्या मालकाकडून आधी अनामत रक्कम घ्यायची आणि सगळे लाकूड, प्लाय व सनमायका कुठे नेऊन दिले याची पावती दाखवल्यावरच ती परत करायची. पहिल्याला विरोध झाला नाही. दुसऱ्यावर बरीच वादावादी झाली; पुढच्या सर्वसाधारण सभेत तो मतदानाला येईल, आणि तोपर्यंत मी मजल्या-मजल्यावर जाऊन लोकांशी बोलते आहे.